मुलांच्या चिठ्ठ्यांत चांदबिबी

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात मी मुलांना एक चिठ्ठी लिहायला सांगितली. निबंधाचा विषय होता ‘माझा आदर्श’. हा विषय निघाला की मुलं गाईडमधला निबंध उतरवून आणतात, म्हणून मी म्हटलं, आधी फक्त नाव लिहा आणि एका ओळीत कारण. कागद दुमडून टेबलावर ठेवा. पाच मिनिटं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, कशातही लिहा.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे माझ्याकडे चिठ्ठ्या उजवीकडूनही येतात आणि डावीकडूनही. तासानंतर स्टाफरूममध्ये बसून त्या उघडल्या आणि सवयीने दोन गठ्ठे केले. एक मुलांचा, एक मुलींचा. मुलांच्या गठ्ठ्यात टिपू सुलतान, सलाहुद्दीन अय्युबी, हजरत खालिद बिन वलीद, डॉ. अब्दुल कलाम, शिवाजी महाराज, मोहम्मद सिराज, विराट कोहली आणि हो, त्या तुर्की मालिकेतला अर्तुग्रुल. एकाने स्वतःच्या मामूंचं नाव लिहिलं होतं, ते दुबईला क्रेन चालवतात. मुलींच्या गठ्ठ्यात कलाम होते, टिपूही होता, हजरत खदीजा, हजरत फातिमा, सावित्रीबाई फुले, सानिया मिर्झा, कल्पना चावला, जिजाऊ. बऱ्याच जणींनी आपल्या अम्मीचं नाव लिहिलं होतं. मुलांपैकी अम्मीचं नाव कुणीच लिहिलं नव्हतं. घरी आईला चिकटून बसणारी हीच मुलं. पण ‘आदर्श’ म्हटल्यावर आई आठवत नाही.

थोडक्यात, मुली दोन्हीकडून नावं उचलतात, मुलं एकाच बाजूने. एका वर्गाच्या चिठ्ठ्या म्हणजे काही संशोधन नव्हे, हे बी.एड. केलेल्या बाईला सांगायची गरज नाही. पण मुलांच्या त्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी अशी निघाली की ती मी तीनदा वाचली. लिहिलं होतं, ‘चांदबिबी’. खाली कारण, ‘क्यों के उसने एक रात में दीवार बनवाई.’

यानंतर मी जे केलं ते मला आजही टोचतं. दुसऱ्या दिवशी आनंदाच्या भरात ती चिठ्ठी मी वर्गात मोठ्याने वाचली. नावासकट. मला वाटलं, शाबासकी देतेय. आधी एक मुलगा हसला, मग मागचे तिन्ही बाक हसले. ज्याची चिठ्ठी होती तो उभा राहिला आणि म्हणाला, “टीचर, ये मैं नै लिख्या.” अक्षर त्याचंच होतं. त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव चांदबिबी पडलं होतं. वर्ष संपेपर्यंत ते टिकलं.

निबंध जमा झाले तेव्हा त्याने टिपू सुलतानवर लिहिला होता. गाईडमधला.

हे सगळं मला नवीन नसायला हवं होतं. १९९० साली दूरदर्शनवर ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ ही मालिका लागायची, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. मालिका संपली की आमच्या गल्लीत लढाई सुरू व्हायची. मी दादीची शाल पाठीला बांधायची, हातात लाकडी पट्टी घ्यायची आणि टिपू व्हायची. अब्बा दारातून बघायचे आणि शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे, “हमारी शेरनी है.” माझ्या धाकट्या भावाने त्याच दिवसांत एकदा अम्मीची ओढणी डोक्यावर घेऊन “मी रझिया सुलतान” असं म्हटलं, तेव्हा त्याच्या हातातून ओढणी ओढून घेतली गेली आणि पाठीत एक धपाटाही मिळाला. मारणारे अब्बा नव्हते, अम्मी होती. दोघांनीही घेतली होती राजघराण्यातलीच माणसं. मी वर चढले, तो खाली उतरला, असा घरातला हिशेब होता. कुणी तो हिशेब मांडून दाखवला नाही, पण आम्हा दोघांना तो त्याच दिवशी कळला.

मुलींनी पुरुषांची नावं घ्यावीत आणि मुलांनी बायकांची घेऊ नयेत, हे आपल्याच समाजाचं दुखणं आहे असं काही वाचकांना वाटेल. तसं नाही. अमेरिकेत एस्टेल डराह नावाच्या बाईंनी १८९८ साली शाळकरी मुलांच्या आदर्शांवर एक लेख लिहिला होता. तुम्हाला कोणासारखं व्हायला आवडेल, असा साधा प्रश्न त्यांनी मुलांना विचारला होता. सर्वाधिक नावं जॉर्ज वॉशिंग्टनची आली, आणि ती देणाऱ्यांत मुलीही होत्या. मुलांनी बायकांची नावं क्वचितच घेतली. त्याच सुमारास अर्ल बार्न्स यांनीही अशीच पाहणी केली, चित्र तेच. मला खरी गंमत वाटली ती पुढची. मानसशास्त्रातले त्या काळचे मोठे नाव, जी. स्टॅन्ली हॉल, यांना या निष्कर्षांची काळजी वाटली. पण काळजी मुलींची! मुली पुरुषांना आदर्श मानू लागल्या तर त्यांचं बाईपण कसं टिकणार, अशी. मुलगे निम्म्या माणसांकडे बघतच नाहीत, याची काळजी त्यांना वाटल्याचं काही दिसत नाही.

आता आपल्याकडच्या इतिहासाकडे येते. मुलं नावं आणतात कुठून? आपणच दिलेली असतात. आणि आपल्याला ती दिली आहेत तवारीख लिहिणाऱ्यांनी.

रझियाचंच बघा. ती १२३६ ते १२४० अशी जेमतेम चार वर्षं दिल्लीच्या तख्तावर होती. तिच्या काळात दिल्लीत असलेला काझी मिन्हाज-उस-सिराज याने ‘तबकात-ए-नासिरी’ लिहिली. तो तिचे गुण मोजतो. न्यायी होती, शहाणी होती, प्रजेची काळजी घेणारी होती, फौजेचं नेतृत्व करणारी होती. बादशहाला लागतात ते सगळे गुण तिच्यात होते, असं तो मान्य करतो. आणि मग म्हणतो की पुरुषांच्या गणतीत तिचा जन्म झाला नाही, तेव्हा या गुणांचा उपयोग काय? हा मिन्हाज तिचा शत्रू नव्हता, हे लक्षात घ्या. तिला ओळखणाऱ्या, तिची कदर करणाऱ्या माणसाचं हे म्हणणं आहे.

शंभर वर्षांनी इसामी आला. तो आपल्या दख्खनचा. मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादला आणली त्यांत तो आला आणि इथेच राहिला. १३५० मध्ये त्याने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे लांबलचक काव्य बहमनी सुलतानाच्या आश्रयाने पुरं केलं. त्यात रझियाचा प्रसंग येतो तेव्हा तो सरळ सांगतो की बाईने तख्तावर न बसता चरख्यापाशी बसावं. योगायोग असा की भारतात चरखा कधीपासून होता याचा शोध घेणारे इतिहासकार आज इसामीच्या याच ओळींचा पुरावा देतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासाला त्याचा उपयोग झाला. रझियाला मात्र याकूत नावाच्या हबशी सरदाराबरोबरच्या कुजबुजीशिवाय लोकांनी फारसं काही ठेवलं नाही, आणि ती कुजबूज वाढवण्यात इसामीचाही हात आहे. १९८३ साली तिच्यावर सिनेमा निघाला तोही प्रेमकथा म्हणूनच. मग सातवीच्या मुलाने तिच्यात काय बघायचं?

चांदबिबीची गोष्ट याहून आपल्या जवळची. अहमदनगर (आता सरकारी कागदावर अहिल्यानगर) आमच्यापासून फार लांब नाही. पण चांदबिबीच्या आधी तिच्या आईचं सांगते, कारण ते फार थोड्यांना माहीत असतं.

चांदबिबी ही हुसेन निजामशाह पहिला याची मुलगी. तिची आई खुंझा हुमायून. हुसेन निजामशाहच्या गौरवासाठी आफताबी नावाच्या कवीने ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे फारसी काव्य लिहिलं. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेचा हा अगदी सुरुवातीचा नमुना, म्हणून जगभरचे अभ्यासक तिचं नाव घेतात. या चित्रांमध्ये सुलतानाच्या शेजारी, त्याच्याच आसनावर, त्याची बेगम बसलेली दाखवली होती. ‘होती’ म्हणते, कारण नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांतली तिची आकृती रंग फासून पुसून टाकली. सुलतान बसलेला आहे, चाकर उभे आहेत, आणि शेजारी एक डाग आहे.

१५६५ मध्ये हुसेन वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून खुंझा हुमायूनने काही वर्षं कारभार पाहिला. १५६९ च्या सुमारास मुलाने आणि सरदारांनी तिला कैद केलं. अभ्यासकांचा अंदाज असा की चित्रांतून तिला पुसलं गेलं ते याच सुमारास. कुणी पुसलं त्याचं नाव सापडत नाही, पण डाग मात्र साडेचारशे वर्षं टिकला आहे. मी त्या चित्राचा छापील फोटो वर्गात नेला होता. मुलींना तो डाग लगेच दिसला. “टीचर, यहां कोई बैठा था.” मुलांना सुलतानाची तलवार दिसली. आता यावर मी काही सिद्धांत मांडत नाही, पण जे झालं ते झालं.

तर अशा आईची मुलगी विजापूरच्या अली आदिलशाहला दिली गेली. विजयनगरविरुद्ध सुलतानांनी एकत्र यावं म्हणून जी सोयरीक जुळवली गेली, त्यातलं हे लग्न. सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला. ज्या किल्ल्यावरून दोन घराणी वर्षानुवर्षं भांडत होती तो एका मुलीबरोबर पाठवून दिला. १५८० मध्ये अली आदिलशाहचा खून झाला. मूल नव्हतं. नवऱ्याच्या भावाचा मुलगा इब्राहीम, वय नऊ, तख्तावर बसला आणि चांदबिबी त्याच्या वतीने कारभार बघू लागली. सरदारांची भांडणं सुरू झाली. किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला पकडून सातारच्या किल्ल्यावर कैदेत पाठवलं. लोक बिथरले, किश्वरखान पळाला, ती परत आली. हा नऊ वर्षांचा मुलगा पुढे इब्राहीम आदिलशाह दुसरा झाला, संगीताचा वेडा, ‘किताब-ए-नौरस’चा कर्ता. त्याच्या दरबाराचं कौतुक पुस्तकापुस्तकांत आहे. तो लहान असताना तख्त कुणी सांभाळलं, हे वाक्य बहुधा चौथ्या-पाचव्या पानावर येतं.

ती नंतर माहेरी, अहमदनगरला आली. १५९५ मध्ये निजामशाहीत तख्तावरून चार तट पडले. त्यातल्या एका सरदाराने, मियाँ मंजूने, मदतीसाठी अकबराचा मुलगा मुराद याला बोलावणं धाडलं. मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम फौज घेऊन आले. (हे खानखानान म्हणजे दोह्यांचे रहीम. हिंदीच्या पुस्तकात मुलं त्यांचे दोहे पाठ करतात आणि इतिहासात ते शत्रूच्या छावणीत भेटतात. मुलांना याचा फार अचंबा वाटतो.) डिसेंबरमध्ये किल्ल्याला वेढा पडला. आत चांदबिबी, तिच्या भावाचा तान्हा नातू बहादूर, ज्याच्या नावाने तिने राज्य जाहीर केलं, आणि अर्धीमुर्धी फौज.

मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना त्याचा सुगावा लागला, काही सुरुंग त्यांनी आतून निकामी केले. फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. लोक पळू लागले. तेव्हा ती चेहऱ्यावर नकाब आणि हातात तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. हल्ला रात्रीपर्यंत थोपवला आणि रात्रीतून तट पुन्हा उभा करवला. सकाळी मुघलांना समोर भिंत दिसली. हे सांगणारा फिरिश्ता त्या काळचा माणूस. तो आधी अहमदनगरच्या नोकरीत होता, मग विजापूरच्या. तोफगोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफांत भरली, ही कथा मात्र लोकांनी प्रेमाने जोडलेली दिसते. मुलींना ती सर्वांत जास्त आवडते आणि मी ती सांगते, ‘कथा आहे’ म्हणूनच सांगते.

पुढचा भाग पुस्तकं घाईत उरकतात. मुघल छावणीत दाणागोटा संपत आला होता, मुराद आणि खानखानान यांचं पटत नव्हतं, विजापूरहून मदतीची फौज निघाली होती. दोन्ही बाजूंना तह हवा होता. चांदबिबीने वऱ्हाड देऊन राजधानी वाचवली. चार वर्षांनी मुघल परत आले, या वेळी शहजादा दानियाल. तिने हिशेब केला. किल्ला टिकणार नाही, बोलणी करून बहादूरला आणि माणसांना वाचवावं असं तिला वाटलं. ही बातमी जीताखान नावाच्या माणसाने बाहेर फोडली, ‘बेगम मुघलांना फितूर झाली’ अशी हाकाटी केली, आणि जमाव तिच्या महालात शिरला. तिला मारणारे मुघल नव्हते. किल्ल्यातलेच होते. हे जुलै १६०० च्या सुमाराचं. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

वर्गात मी इथे थांबते आणि एक प्रश्न विचारते. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले, ते काय होतं? वर्ग एका आवाजात सांगतो, “मुत्सद्दीपणा.” बरोबर आहे, तसंच शिकवलं आहे आणि तेच खरं आहे. मग चांदबिबीने वऱ्हाड दिलं, नंतर बोलणी करायचं ठरवलं, ते काय? वर्ग गप्प. एक मुलगा म्हणतो, “टीचर, वो डर गई होंगी.” खिंडारात उभी राहिलेली बाई घाबरली असेल असं म्हणणारा मुलगा वाईट नाही. बाई शहाणपणाने माघार घेते तेव्हा त्याला काय म्हणतात, तो शब्दच त्याला कुणी दिलेला नाही.

शब्दांचंही एक बघण्यासारखं आहे. झाशीच्या राणीची तारीफ करताना आपण तिला मर्दानी म्हणतो. घरात कर्तबगार मुलीला ‘ही माझा मुलगाच आहे’ म्हणतो. माझे अब्बा म्हणायचे. तेव्हा छाती फुगायची. म्हणजे बाई हिरो होऊ शकते, पण त्यासाठी तिला आधी पुरुषांत जमा करावं लागतं. आणि एकदा पुरुषांत जमा केली की मुलगा तिला का निवडेल? त्याच्याकडे अस्सल पुरुषांची मोठी यादी आहेच.

मुलांनी चांदबिबीला न निवडण्याचं आणखी एक कारण मला हळूहळू कळलं, आणि ते फक्त बाई असण्याचं नाही. आमच्या मुलांच्या हिरोला समोर शत्रू लागतो, तोही बाहेरचा. टिपूसमोर इंग्रज आहेत, सलाहुद्दीनसमोर क्रुसेडवाले आहेत. मोबाईलवर स्टेटस ठेवायला ते सोपं जातं. चांदबिबीच्या गोष्टीत पहिला प्रश्न येतो, “टीचर, इसमें मुसलमान कौन था?” दोन्हीकडे होते, असं म्हटलं की निम्म्या वर्गाचा रस जातो. तटावर मराठे होते, हबशी होते, दख्खनी होते, समोरच्या फौजेत राजपूतही होते. आणि शेवटी मारलं ते आपल्याच लोकांनी. हिच्यावरून कुणावर राग काढायचा तेच कळत नाही.

धर्माच्या इतिहासातही यादी अशीच गाळली जाते. खालिद बिन वलीद यांचं नाव आमच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. उहुदच्या लढाईत बाकीचे पांगले तेव्हा रसूलुल्लाह यांच्या भोवती उभं राहून वार झेलणाऱ्यांत हजरत उम्मे अम्मारा, म्हणजे नुसैबा बिन्ते काब होत्या, खांद्यावर खोल जखम घेतलेल्या. पुढे यमामाच्या लढाईत त्यांचा हात गेला. आमच्या मोहल्ल्यात हे मुलींच्या इज्तिमात सांगतात. मुलांच्या बयानात मी अजून ऐकलेलं नाही, अर्थात मी तिथे बसत नाही, घरी आलेल्या मुलांना विचारते. हजरत आयेशा यांच्याकडे मोठमोठे सहाबी मसले विचारायला यायचे, हे मौलवीसाहेब मुलांना सांगतात, पण ‘तुम्ही यांच्यासारखे व्हा’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मुलींच्या बाजूला वळून निघतं.

मुलींना हवं असतं तेव्हाही इतिहास सढळ हाताने देतो असं नाही. फातिमा शेख घ्या. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. इतकंच. गेल्या काही वर्षांत या एका उल्लेखाभोवती आपण जन्मतारीख, भाषणं, प्रसंग असं बरंच काही रचलं, आणि मग अशी बाई नव्हतीच असं म्हणणारेही उठले. माझ्या मुलींनी मला विचारलं, “थी के नहीं?” मी म्हटलं, पत्रात आहे. पत्राबाहेरचं जे कुणी सांगेल त्याला विचारा, कुठे लिहिलंय? त्यातल्या एकीचा चेहरा उतरला. तिने गॅदरिंगला फातिमा शेखचं भाषण पाठ केलं होतं, सगळं पत्राबाहेरचं. मला वाईट वाटलं, पण आपल्या मुलींना खोटी पणजी देण्यापेक्षा एका ओळीची खरी दिलेली बरी.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमची एक दिवसाची सहल निघाली. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे मर्यादित भागच बघता येतो. नेहरूंना १९४२ ते १९४५ मध्ये जिथे ठेवलं होतं त्या खोल्या मुलांनी पाहिल्या. तिथेच त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि त्यात सुरुवातीलाच या किल्ल्याच्या निमित्ताने चांदबिबीची आठवण काढली आहे. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रंही याच किल्ल्यातली, हे उर्दूच्या तासाला कामाला येतं. मग आम्ही शहराच्या पूर्वेला डोंगरावर गेलो, ‘चांदबिबीचा महाल’ बघायला. रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे त्याला हेच म्हणतात. अष्टकोनी, तीन मजली, लांबून देखणी इमारत. वर गेल्यावर मी मुलांना सांगितलं की हा महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ही सलाबतखान दुसरा याची कबर आहे, मुर्तजा निजामशाहचा वजीर होता तो. मुलांना जरा फसवल्यासारखं झालं. एक मुलगी म्हणाली, मग तिचं काय आहे? मी म्हटलं, नाव. लोकांनी दुसऱ्याच्या इमारतीला दिलेलं तिचं नाव.

तो मुलगा, ज्याच्यावर मी ती चिठ्ठी वाचून उपकार केले होते, तो त्या सहलीत होता. इतर मुलं फोटो काढत होती. तो दगडांच्या सांध्यातून बोट फिरवत होता. मला माहीत नव्हतं, त्या दिवशी कळलं, त्याचे अब्बा गवंडी आहेत. सुट्टीत तो त्यांच्याबरोबर साइटवर जातो, पाटी उचलतो. त्याला तलवारीशी काही घेणं नव्हतं. एका रात्रीत भिंत कशी उठली, हा त्याचा प्रश्न होता, आणि चिठ्ठीतही त्याने तेच लिहिलं होतं. मी ते नीट वाचलंच नव्हतं. मला फक्त ‘मुलाने बाईचं नाव लिहिलं’ एवढंच दिसलं.

मी त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. मान हलवली, ती हो म्हणून की राहू द्या म्हणून, कळलं नाही. थोड्या वेळाने, आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाला, “टीचर, अब्बा बोलते चुना एक रात में सूखता नहीं. उन्ने कैसा करे होंगे?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. अब्बांना विचार, ते काय करतील.

परतीच्या गाडीत तो पुढच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसला आणि वहीच्या मागच्या पानावर काढायला लागला. आधी खिंडार, मग दोन्ही बाजूंनी मोठे दगड, मध्ये माती आणि लाकडं. चुना नाहीच. “सकाळपर्यंत उभी राहायला एवढं बस आहे,” म्हणाला, या वेळी मराठीत. मग माणसं मोजायला लागला, किती लागली असतील ते.

मागून कुणीतरी “ए चांदबिबी” अशी हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

“टीचर,” त्याने विचारलं, “मशाली लावल्या असतील तर मुघलांना दिसलं नसेल का?”